बर्फाखालचा अंधार

भानुदास खवणेकरला बर्फ कसा तयार होतो हे वयाच्या एकोणिसाव्या वर्षीच कळलं होतं. वेंगुर्ल्याच्या बंदराजवळ होड्यांना बर्फ पुरवणारा एक कारखाना होता, तिथे तो कामाला लागला. मिठाच्या थंडगार पाण्यात पत्र्याचे लांबट डबे बुडवून ठेवलेले असत आणि त्या डब्यांत गोडं पाणी. ते कडेकडून आत गोठत यायचं आणि पाण्यातली हवा, गाळ सगळं पुढे ढकलत मधोमध न्यायचं. म्हणून लादीच्या पोटात एक पांढरी रेघ राहायची. पाणी गोठताना सतत हलतं ठेवलं तर मात्र ती रेघ उमटत नसे. भानुदासला ते हलवण्याचं गणित असं काही साधलं, की खवणेकराच्या लादीतून पेपर वाचता येतो, असं बंदरावर बोललं जायचं.

कारखाना बंद पडला आणि तो दुबईला आला, त्याला आता बावीस वर्षं झाली होती. आधी जबल अली बंदरातली कोल्ड स्टोरेज, मग स्केटिंगची एक बर्फाची रिंक आणि आता हे तळं.

तळं म्हणजे एका प्रदर्शन केंद्रातली भलीमोठी टाकी. चाळीस मीटर लांब, सहा मीटर खोल. तळाला गोटे आणि रेती, वर खराखुरा बर्फ, आणि एका बाजूने काचेचा बोगदा. लोकांनी बोगद्यातून चालत जायचं आणि बर्फाखालचं जग बघायचं. उत्तर ध्रुवाकडच्या एका तळ्याची ही प्रतिकृती होती. त्यात दीडशे मासे सोडले होते. त्यांचं नाव आर्क्टिक चार. पहिल्या दिवशी भानुदासने विचारलं होतं, "चार म्हणता, मग दीडशे कसे?" हिंदी समजणारे हसले, बाकीच्यांना तो विनोद कुणी समजावून सांगितला नाही.

पहिल्या वर्षी ऑपरेशन्स मॅनेजर रेहानसाहेबांनी एकच मागणी केली होती. ते मूळचे हैदराबादचे. "भानू भाई, बर्फ ऐसा चाहिए जैसे काँच. ऊपर से लाइट मारेंगे, मछली नीचे चमकनी चाहिए." भानुदासने तसा बर्फ करून दिला. बर्फाखाली छोटे पंप लावून पाणी संथपणे फिरतं ठेवलं, हॉलची हवा उणे आठवर नेली आणि तीन आठवड्यांत वीतभर जाडीचा असा बर्फ धरला की त्याच्यावर उभं राहिलं तर खालचे गोटे मोजता यावेत. उद्घाटनाला लोकांनी टाळ्या वाजवल्या. भानुदासने गावी कावेरीला, आपल्या बायकोला, फोटो पाठवले.

जानेवारीत पाणी हिरवं झालं. गोट्यांवर शेवाळ चढलं. माशांनी घातलेली थोडीफार अंडी बुरशी धरून पांढरी पडली, आणि मार्चपर्यंत एकोणीस मासे मेले. परदेशी सल्लागाराने मोठा अहवाल लिहिला आणि तो निघून गेला. भानुदासने लॉगबुक पुन्हा पुन्हा चाळलं. तापमान बरोबर होतं, बर्फाची जाडीही बरोबर होती. आपलं काय चुकलं ते त्याला कळेना, आणि आपलं काही चुकलं नाही असंही मनाला पटेना.

जूनमध्ये पर्णिका आली. शारजात वाढलेली, दुबईतल्या अल कुसैसला आईवडिलांकडे राहणारी मराठी मुलगी. तळ्यांचा अभ्यास शिकायला उत्तरेकडे गेली होती आणि सात वर्षं तिकडेच राहून परतली होती. पहिल्याच भेटीत तिने विचारलं, "काका, बर्फ तुम्ही केलात ना? मी फोटो बघितले. सुंदर होता."

"मग?"

"मग काही नाही. खऱ्या तळ्यावर असा बर्फ फार दिवस राहत नाही. त्याच्यावर स्नो पडतो."

"भुसभुशीत बर्फ? तो पडला की खालचं काही दिसत नाही."

"एक्झॅक्टली," पर्णिका म्हणाली.

भानुदासला राग आला, पण मुलगी नवीन होती. तीन दिवसांनी ती त्याला मागच्या खोलीत घेऊन गेली. तिथे आजारी मासे ठेवायची एक छोटी टाकी होती, तिच्यावर तिने त्याच्याकडूनच दोन दिवसांत स्वच्छ बर्फ धरून घेतला होता. एका काठीला बांधलेलं उजेड मोजायचं यंत्र तिने बर्फाखाली सरकवलं आणि आकडा त्याला वाचायला लावला. मग पाहुण्यांच्या खेळायच्या कोपऱ्यात जे बर्फ भुरभुरवणारं मशीन होतं, त्यातला दोन बादल्या बर्फ आणून वर वीतभर थर दिला.

"आता वाचा."

भानुदासने यंत्र झटकून पाहिलं. त्याला वाटलं, बॅटरी गेली. आकडा जवळजवळ शून्यावर आला होता.

"तिकडे नऊ महिने तळं झाकलेलं असतं, काका. हिवाळाभर खाली काळोख. उजेड नाही म्हणून शेवाळ वाढत नाही. पाणी वर शून्याला, तळाशी चार डिग्रीला, आणि ते तसंच राहतं. मासे ऑक्टोबर-नोव्हेंबरात गोट्यांत अंडी घालतात आणि ती अंडी सगळा हिवाळा अंधारात निजतात. उजेड त्यांना सोसत नाही. मग मे-जूनमध्ये सूर्य चढतो, स्नो आधी वितळतो, बर्फातून उजेड खाली उतरतो आणि मग शेवाळ, मग ते खाणारे बारीक जीव, आणि त्याच सुमाराला अंड्यांतून निघालेली पिल्लं खायला वर येतात. सगळं एकमेकांची वाट बघत असतं."

"आणि आम्ही रोज बारा तास दिवे लावले," भानुदास म्हणाला.

पर्णिकाने यंत्राची काठी पाण्यातून वर काढली.

त्या संध्याकाळी कंपनीच्या बसमधून खोलीवर परतताना त्याने कावेरीला फोन लावला आणि सगळं सांगितलं. कावेरीने शांतपणे ऐकून घेतलं. "मगे माशांका काळोख होयो आसा, तर तुमी दिवे कित्याक लावतास?" तिने विचारलं. याला भानुदासजवळ उत्तर होतं, पण ते तिला सांगायला त्याची जीभ वळेना. लोकांना मासे चमकताना हवेत म्हणून. आणि थोडं, माझा बर्फ दिसावा म्हणूनही.

रेहानसाहेबांकडे ते दोघं जाऊन आले. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी चहा मागवला, सगळं ऐकलं आणि विचारलं, "स्कूलवाले बच्चे लेके आएँगे, तो मैं उनको क्या दिखाऊँ, अंधेरा?" विषय तिथेच खलास.

ऑक्टोबरच्या मध्याला भानुदासने पुन्हा बर्फ धरला. पुन्हा तसाच काचेसारखा. हाताला तेच वळण होतं. पण या वेळी तो पाहायला वाकला तेव्हा छाती फुगली नाही. खाली मासे दिव्यांच्या झोतापासून दूर, टाकीच्या एका कोपऱ्यात दाटीवाटीने उभे होते. गेल्या वर्षीही ते तसेच उभे असत. तेव्हा त्याला वाटलं होतं, त्यांना गारवा आवडतोय.

महिनाअखेरीस, एका दुपारी, तीनपैकी एक कॉम्प्रेसर जाम झाला. बाहेर अडतीस डिग्री होती. हॉलची हवा उणे आठवरून चढत चढत उणे एकवर आली आणि बर्फाच्या पाठीवर पाणी सुटायला लागलं. नवा भाग जर्मनीहून यायचा, त्याला सहा आठवडे लागणार होते. रेहानसाहेब धावत आले.

"भानू भाई, बर्फ गया तो सीज़न गया. कुछ करो."

भानुदासने वर पाहिलं. बारा मोठे दिवे आग ओकत होते. "साहेब, पहले ये बत्तियाँ बंद. सब. इन्हीं की गर्मी है. और ऊपर स्नो डालना पड़ेगा. हमारे गाँव में लादी पर धान का भूसा डालते थे, उससे बर्फ टिकता था. वैसाच."

वैसाच हा शब्द त्याच्या हिंदीत नेहमीच घुसायचा. साहेबांनी क्षणभरही विचार केला नाही. "यल्ला, डालो."

दोन दिवस मशीन चालू होतं. भानुदास आणि पर्णिका लाकडी फळ्यांवरून चालत फावड्याने बर्फ पसरत होते. खालचे गोटे आधी अंधुक झाले, मग दिसेनासे झाले. आपल्या हाताने केलेली काच आपणच झाकताना भानुदासला जिवावर आलं खरं, पण शेवटच्या कोपऱ्यात फावडं टेकवलं तेव्हा त्याला जाणवलं, की आपण घाई करतोय, आणि ती माशांसाठी आहे.

बोगदा लोकांसाठी बंद झाला. बाहेर पाटी लागली. आत दिवसाढवळ्या मिट्ट काळोख. पर्णिका रोज पाण्यातला प्राणवायू मोजायची. शेवाळ नाही म्हणजे नवा प्राणवायूही नाही, साठवलेलाच पुरवायचा. खऱ्या तळ्यातही तसंच असतं, ती सांगायची. आकडा रोज किंचित उतरत होता, पण बेतानेच. मासे हळूहळू कोपऱ्यातून सुटले आणि टाकीभर पांगले.

काम नसेल तेव्हा ती त्याला उत्तरेकडच्या आपल्या तळ्याबद्दल सांगत बसायची. ते तळं इतकं लहान होतं की नकाशात त्याला नाव नव्हतं, नुसता आकडा होता. हे मासे त्याच तळ्यातल्या माशांच्या वंशातले.

"मी पहिल्यांदा गेले तेव्हा सप्टेंबर संपता संपता बर्फ धरायचा. आता ऑक्टोबरचा दुसरा-तिसरा आठवडा उजाडतो. कधी स्नोवर पाऊसच पडतो, वर एक वेगळाच कडक थर तयार होतो. उन्हाळा लांबलाय. पाणी वर इतकं कोमट होतं की मासे तळाशी जाऊन बसतात आणि वरचं खाणं त्यांना मिळत नाही. लोकांना वाटतं, थंडीतल्या जिवांना थोडी ऊब मिळाली तर बरंच की. मलाही वाटायचं. पण मी जाळ्यात आलेले मासे हातात घेतलेत, काका. डोकं मोठं आणि अंग बारीक, असे झालेत ते."

 

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात दोन गोष्टी पाठोपाठ घडल्या. पर्णिकाने मंद लाल टॉर्च लावून काचेतून पाहिलं, तर मासे गोट्यांत खळगे करत होते. लाल उजेड माशांना फारसा जाणवत नाही. एक मादी कुशीवर वळून शेपटीने रेती उडवत होती, आणि नर तिच्याभोवती फिरत दुसऱ्याला हाकलत होता. आणि दुसऱ्याच दिवशी जर्मनीचं खोकं आलं. सहा आठवड्यांचं काम तीन आठवड्यांतच झालं होतं.

पर्णिका खोक्याकडे पाहत उभी राहिली. "काका, हे उघडलंच नाही तर?"

"म्हणजे?"

"अजून पंधरा दिवस. पोर्टवर अडकलं म्हणू. अंडी घालून होतील. कोण विचारणार आहे?"

 तिचं म्हणणं त्याला पटत नव्हतं असं नाही. कॉम्प्रेसरच्या खोलीत त्याच्याशिवाय कुणी यायचंही नाही.

"पर्णिका," तो म्हणाला. पहिल्यांदाच त्याने तिला मॅडम म्हटलं नव्हतं. "बावीस वर्षं मी लॉगमध्ये खरे आकडे लिहितोय. गेल्या साली एकोणीस मासे मेले, तेव्हाही खरेच लिहिले. पंधरा दिवसांनी साहेब दिवे लावणारच. मग? पुढच्या साली परत काहीतरी मोडायचं का आपण?"

"मग काय करायचं?"

"मी मशीन दुरुस्त करतो. तू ती टॉर्च चार्ज करून ठेव."

दोन दिवसांत कॉम्प्रेसर सुरू झाला. भानुदासने लॉगमध्ये वेळ लिहिली आणि स्वतः रेहानसाहेबांच्या खोलीत गेला. "साहब, मशीन चालू है. बत्ती जलाने से पहले आधा घंटा मुझे दीजिए. अकेले आइए."

भर दुपारी, बाहेर उन्हात डोळे दिपत असताना, तिघं बोगद्यात शिरले. दार मिटलं. साहेबांनी मोबाइल काढला, तो भानुदासने हळूच त्यांच्या खिशात परत ठेवला.

"कुछ नहीं दिख रहा, भाई."

"आँख को टाइम दीजिए."

 लांबून पंपाची घरघर ऐकू येत होती. दोन मिनिटं गेली, तीन गेली. साहेबांनी एकदा घसा खाकरला. मग पर्णिकाने टॉर्च लावली, बोटांनी जवळजवळ झाकलेली. काचेला लागूनच, हातभर अंतरावर, एक मोठी मादी होती. ती कुशीवर वळली, तिचं अंग थरथरलं, रेतीचा एक छोटा लोट उठला. नर तिच्या शेजारी येऊन टेकला. दोघांनी तोंडं उघडली. मग गोट्यांच्या फटींत पिवळसर मण्यांसारखं काहीतरी सांडत गेलं, आणि मादी लगेच वळून शेपटीने त्यावर रेती लोटायला लागली.

रेहानसाहेब काचेला कपाळ टेकून उभे होते.

"ये रोज़ होता है?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"साल में एक बार," पर्णिका म्हणाली. "और ये ढकेगी, फिर चार-पाँच महीने कोई हाथ नहीं लगाएगा. बस अंधेरा."

"पिछले साल?"

"पिछले साल बत्ती थी, साहब," भानुदास म्हणाला.

ते बाहेर आले तेव्हा तिघांनाही डोळे बारीक करावे लागले. साहेब सरळ आपल्या खोलीकडे निघून गेले. दिवे त्या दिवशी लागले नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाहीत. तिसऱ्या दिवशी मेल आली. बोगदा उघडायचा, पण दिव्यांशिवाय. एका वेळी बारा माणसं, पाच मिनिटं गप्प उभं राहायचं, मग लाल टॉर्च. एक महिना करून पाहू, जमलं नाही तर बंद. खाली साहेबांनी हाताने लिहावं तसं एक वाक्य जोडलं होतं, की टॉर्च भानू भाईच्याच हातात राहील.

सगळं गोड झालं असं नाही. काही लोक चिडले, अंधार बघायला आम्ही आलो का म्हणाले. एका बाईंना भीती वाटली म्हणून त्यांना हाताला धरून बाहेर आणावं लागलं. पण शाळेची मुलं आत गेली की गप्प व्हायची, हे सगळ्यांनाच नवल होतं. एका मुलीने भानुदासची बाही ओढून विचारलं, "आर दे स्लीपिंग?" त्याने इंग्रजीत जुळवाजुळव करून सांगितलं, "नो. वेटिंग." महिना झाला, आणि बंद करायची गोष्ट कुणी काढली नाही.

मार्चच्या अखेरीस अंडी फुटली. सगळी नाही, निम्म्याहून जास्त वाया गेली, आणि का गेली ते पर्णिकालाही नीट सांगता आलं नाही. पण गोट्यांच्या फटींत, पोटाला पिवळी पिशवी लटकलेली, अंगठ्याच्या नखाएवढी पिल्लं हलत होती. एप्रिलमध्ये भानुदासने वरचा भुसभुशीत बर्फ काढायला घेतला. एकदम नाही. पर्णिकाने आखून दिल्याप्रमाणे रोज एक पट्टा. दिव्यांचा उजेडही रोज थोडा थोडा वाढवायचा. उजेडाच्या पहिल्या पट्ट्याखाली आठवड्याभरात बर्फाच्या पोटाला तपकिरी-हिरवी साय धरली. हेच शेवाळ गेल्या वर्षी त्याला शत्रू वाटलं होतं. आता बारीक कोळंबीसारखे जीव त्यावर चरायला आले आणि पिल्लं रेतीतून सुटून त्यांच्यामागे वर आली. भानुदासने व्हिडिओ काढून कावेरीला पाठवला. तिचं उत्तर आलं, "बारके आसत, पण तरतरीत आसत."

मग बर्फ फोडायचा दिवस आला. इतकी वर्षं तो बर्फ धरत आला होता, टिकवत आला होता. मुद्दाम सोडून द्यायची पाळी पहिल्यांदाच आली होती. कडेने भेगा पडत गेल्या, तुकडे सुटे झाले, एकमेकांवर आपटून किणकिणले. पाच दिवसांत पाणी उघडं झालं.

उन्हाळ्यात पर्णिका दोन महिने आपल्या तळ्यावर जाऊन आली. ऑगस्टच्या शेवटी ती परतली तेव्हा भानुदास पुढच्या हिवाळ्याचं वेळापत्रक करत बसला होता. ऑक्टोबरच्या रकान्यावर त्याचं पेन थांबलं होतं.

"बरं झालं आलीस. गेल्या साली आपण साहेबांच्या सोयीने बर्फ धरला. औंदा तळ्याच्या हिशोबाने करू म्हणतो. तुझ्या तळ्यावर बर्फ कधी धरतो, ती तारीख सांग."

पर्णिकाने वही काढली, उघडली आणि तशीच मांडीवर ठेवली. "कुठल्या वर्षाची सांगू?"

"म्हणजे काय? तळ्याची."

"तीस वर्षांपूर्वीची एक आहे. मी पहिल्यांदा गेले तेव्हाची दुसरी. आणि गेल्या वर्षीची, ती पहिलीपेक्षा तेवीस दिवस उशिराची."

भानुदासने पेन खाली ठेवलं. इतके दिवस त्याला वाटत होतं, तिकडे कुठेतरी एक खरं तळं आहे आणि आपण त्याची नक्कल करतोय; नक्कल चांगली झाली की काम झालं. खिडकीबाहेर जबल अलीच्या रस्त्यावरून कंटेनरचे ट्रक एकामागून एक जात होते. उन्हाने काच तापली होती.

"माशांना कुठली तारीख माहिती आहे?" त्याने विचारलं.

"जुनी असेल. त्यांच्या अंगात जुनीच असणार. पण ज्यांना नव्या तारखेत जगायचंय, त्यांना आपण जुनीच शिकवत राहिलो तर..." तिने वाक्य सोडून दिलं. "मला खरंच माहीत नाही, काका."

भानुदासने वेळापत्रक पुन्हा पुढे ओढलं. मग म्हणाला, "मोठ्या टाकीला जुनी देऊ. मोठे मासे तिथे आहेत, त्यांच्यावर प्रयोग नको. आणि पिल्लांतली पंचवीस-तीस मागच्या टाकीत घेऊ. तिचा चिलर वेगळा आहे. तिला गेल्या वर्षीची तारीख. वाढतील, अंडी घालायला येतील, त्याला वेळ लागेल ना?"

"चार-पाच वर्षं. जास्तही."

"असू दे."

पर्णिकाने त्याच्याकडे पाहिलं. रिटायर व्हायला त्याला किती थोडी वर्षं उरली होती, ते तिला ठाऊक होतं. तिने वहीतल्या तारखा वाचून दाखवल्या. भानुदासने त्या दोन वेगळ्या रकान्यांत, दोन वेगळ्या शाईंनी लिहून घेतल्या, आणि मागच्या टाकीचा पंप तपासायला उठून गेला.